नॉर्वेला पहिल्यांदा निघताना: एक प्रदेश निवडा आणि तिथेच राहा

नॉर्वेचा नकाशा उघडला की आधी त्याची लांबी अंगावर येते. दक्षिणेच्या लिंडेस्नेसपासून उत्तरेच्या नॉर्डकापपर्यंत रस्त्याने अडीच हजार किलोमीटर भरतात. त्यात रस्ता फियोर्डला, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याला, वळसा घालतो, बोगद्यात शिरतो, फेरीबोटीसाठी थांबतो. त्यामुळे नकाशावर वीतभर दिसणाऱ्या अंतराला अर्धा दिवस जातो. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याला आठ दिवसांत ऑस्लो, बर्गन, गायरांगर, लोफोटेन आणि ट्रॉम्सो असं सगळं बसवावंसं वाटतं. असा बेत बसवता येतो, पण त्यात निसर्ग बसच्या काचेतूनच दिसतो. निसर्गासाठी जात असाल तर एक प्रदेश निवडा, फार तर दोन, आणि तिथे पाऊस थांबण्याची वाट पाहता येईल एवढा वेळ हाताशी ठेवा. पुढच्या सगळ्या सूचना हे धरूनच केल्या आहेत.

पहिली पायरी: सुट्टी कधी आहे, त्यावरून बेत ठरवा

आपल्याकडे शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात असते. नॉर्वेत तेव्हा वसंत असतो. मे महिन्यात हार्डांगर फियोर्डच्या काठी सफरचंदाच्या बागा फुलतात, वरचा बर्फ वितळत असल्याने धबधबे तुडुंब असतात, आणि १७ मे रोजी संविधान दिनाच्या मिरवणुका गावोगावी निघतात. मात्र उंचावरच्या पायवाटा अजून बर्फाखाली असतात आणि घाटांतले बरेच रस्ते बंद असतात. म्हणून मेमध्ये जाणार असाल तर फियोर्डकाठची गावं, बोटी, आगगाडी आणि खालच्या दऱ्यांतली भटकंती एवढंच धरा. शिखरं आणि कडे पुढच्या वेळेला ठेवा.

जून संपताना डोंगर खुले होतात. जुलैत नॉर्वेजियन लोक स्वतःच सुट्टीवर असतात, त्यामुळे गर्दी आणि खोल्यांचे भाव दोन्ही चढलेले असतात. ज्यांना चालायचं आहे आणि सुट्टीचं बंधन नाही, त्यांना मी ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सुचवेन. डोंगरातली झुडपं तांबडी-पिवळी होतात, पायवाटेच्या कडेला ब्लूबेरी असतात, वाटा बऱ्यापैकी कोरड्या असतात आणि रात्र पुन्हा अंधारी होऊ लागल्याने उत्तरेत ध्रुवीय प्रकाशही (नॉर्दर्न लाइट्स) दिसायला लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत डोंगरात जायचं म्हणाल तर मी नको म्हणेन. तो ना शरद असतो ना धड हिवाळा. पाऊस, ओला बर्फ आणि छोटा दिवस. तेव्हा थेट ट्रॉम्सोला जावं, कारण तिथे सप्टेंबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत ध्रुवीय प्रकाशाचा हंगाम असतो. ट्रॉम्सो ६९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही, पण दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो. आणि उन्हाळ्यात ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, कारण आकाश काळोखं होतच नाही. ‘जूनमध्ये दोन्ही पाहू’ असं कुणी सांगत असेल तर ते शक्य नाही: मध्यरात्रीचा सूर्य हवा की ध्रुवीय प्रकाश, हे आधीच ठरवावं लागतं.

दुसरी पायरी: प्रदेश निवडा

पहिल्या खेपेला पश्चिमेचे फियोर्ड, हे माझं स्पष्ट मत आहे. हिमयुगात प्रचंड हिमनद्यांनी डोंगर खोल खरवडून काढले, बर्फ मागे हटल्यावर त्या दऱ्यांत समुद्र शिरला, आणि आज आपण त्याला फियोर्ड म्हणतो. सोग्नेफियोर्ड २०० किलोमीटरहून अधिक आत गेला आहे आणि सर्वांत खोल जागी १३०० मीटरपेक्षा खोल आहे. हिमनदीचा जोर तोंडाशी संपत असे, त्यामुळे फियोर्ड आत खोल आणि समुद्राच्या बाजूला उथळ असतो. पाणी खारं, तरी लाटा नाहीत, आणि कडे थेट पाण्यातून उठलेले. याच सोग्नेफियोर्डचा एक फाटा म्हणजे नॅरॉयफियोर्ड, जो सर्वांत अरुंद जागी अवघा २५० मीटर रुंद आहे. गायरांगरफियोर्डबरोबर त्याला २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं.

इथे बहुतेक प्रवासी फ्लॉम गावात उतरतात, बोटीने गुडवांगनला जातात आणि त्याच दिवशी बर्गनला परततात. फ्लॉमच्या धक्क्याला मोठी पर्यटक जहाजं लागली की दिवसभर गाव भरून जातं, पण संध्याकाळी जहाजं निघून गेल्यावर तीच दरी शांत होते. म्हणून इथे मुक्काम करा, शक्यतो फ्लॉमऐवजी शेजारच्या ऑरलांडला किंवा बकरीच्या दुधाच्या चीझसाठी प्रसिद्ध असलेल्या चिमुकल्या उन्द्रेदालला. ऑरलांडच्या वर ६५० मीटर उंचीवर स्टेगास्टाइनचा सज्जा आहे. तिथून फियोर्डचं वळण एका नजरेत येतं. एक दिवस ऑरलांड दरीत चालायला ठेवा: ओस्तेरबो ते वासबिग्डी ही सुमारे १९ किलोमीटरची, एकूण पाहता उतरती वाट आहे आणि दिवसभरात आरामात होते. जुनी शेतघरं, कड्यात कोरलेला रस्ता, बाजूने धावणारी नदी. सह्याद्रीत चालण्याची सवय असलेल्याला ती नक्की आवडेल.

नॅरॉयफियोर्डमधली बोट आता बहुधा विजेवर चालते. जागतिक वारशाच्या फियोर्डांत १० हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून शून्य उत्सर्जनाची अट आहे, मोठ्यांना २०३२ पासून. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे कड्यावरून पडणारं पाणी ऐकू येतं. डेकवर उभं राहायचं तर वाऱ्याचा कोट घालूनच.

दुसरा प्रदेश लोफोटेन द्वीपसमूह, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला. समुद्रातून सरळ वर आलेली टोकदार शिखरं, त्यांच्या पायथ्याशी लाल रंगाची कोळ्यांची लाकडी घरं आणि पांढऱ्या वाळूचे, पण बर्फासारख्या थंड पाण्याचे किनारे. त्या घरांना रोर्बू म्हणतात आणि त्यांतली अनेक आता पाहुण्यांना भाड्याने मिळतात. हिवाळ्यात बारेंट्स समुद्रातून कॉड मासा इथे अंडी घालायला येतो. वसई-वर्सोव्याला बोंबील वाळत घालतात तसा इथे कॉड जोडीजोडीने शेपटीला बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ नाही, फक्त गार वारा; फेब्रुवारीत टांगलेला मासा मे-जूनपर्यंत वाळतो आणि त्यातला बराचसा इटलीला जातो. मांसाहारी असाल तर तिथला ताजा कॉड चुकवू नका.

लोफोटेनला रेइने गावामागचा रेइनेब्रिंगेन हा ४४८ मीटरचा डोंगर आहे. पूर्वी त्याची वाट घसाऱ्याची आणि अपघाताची होती. आता तिथे दगडी पायऱ्या आहेत, आणि त्या नेपाळच्या शेर्पांनी बांधल्या आहेत. नॉर्वेतल्या इतरही अनेक डोंगरवाटांवर शेर्पांच्या हातचं हे काम आहे. चढताना एकेका दगडाची बसवण बघावी, इतकी ती नेटकी आहे. चढ उभा आहे, गुडघे दुखत असतील तर उतरताना काठी हवी.

लोफोटेनसाठी किमान पाच रात्री नसतील तर जाऊ नका. तिथे पोचण्यातच दिवस जातो: ऑस्लोहून विमानाने बोडो, तिथून तीन-चार तासांची फेरीबोट लोफोटेनमधल्या मोस्केनेसला. शिवाय सलग दोन दिवस ढग खाली उतरले तर शिखर दिसतच नाही.

तिसरा पर्याय खऱ्या डोंगरभटक्यांसाठी, योटुनहाइमेन. नॉर्वेचं सर्वोच्च शिखर गालह्योपिग्गेन, २४६९ मीटर, इथेच आहे. बेसेग्गेनची धार प्रसिद्ध आहे: एका बाजूला हिरवट येंदे सरोवर, दुसऱ्या बाजूला बरंच वर असलेलं निळं बेसवात्न. सकाळी बोटीने मेमुरुबूला जाऊन धारेवरून येंदेशाइमला परत येणं सोयीचं, म्हणजे परतीची बोट चुकण्याची धास्ती राहत नाही. मधला कातळाचा चढ हाताने धरून चढावा लागतो. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी तो टाळावा.

आता प्राइकेस्टूलेन आणि ट्रोल्टुंगा, कारण फोटोंमुळे सगळ्यांना तिथेच जायचं असतं. लिसेफियोर्डवरचा प्राइकेस्टूलेन ६०४ मीटर उंच, सपाट माथ्याचा कडा आहे. जाऊन-येऊन ८ किलोमीटर, चार ते पाच तास, आणि स्टावांगर शहरातून बस जाते. नवख्या पण चालण्याची सवय असलेल्या कुटुंबाला हा जमतो. कड्याला कठडा नाही, मुलांचा हात सोडू नये. ट्रोल्टुंगाचं गणित पूर्ण वेगळं आहे: नेहमीच्या सुरुवातीपासून जाऊन-येऊन २७ किलोमीटरच्या आसपास, दहा ते बारा तास, आणि वाटेत हवा बदलली तर आडोसा नाही. पहिल्याच सहलीत त्याचा हट्ट धरू नये.

तिसरी पायरी: व्हिसा

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज नॉर्वेच्या यूडीआय या खात्याच्या संकेतस्थळावर भरायचा, मग वेळ घेऊन व्हिसा केंद्रात कागदपत्रं आणि बोटांचे ठसे द्यायचे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यासाठी लवकरच करावा, कारण त्या काळात भेटीच्या वेळा पटापट संपतात. किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा बंधनकारक आहे. स्वीडन किंवा डेन्मार्कही जोडणार असाल तर जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

एक गोष्ट लोक विसरतात. स्वालबार्ड हा द्वीपसमूह नॉर्वेचा असला तरी शेंगेनच्या बाहेर आहे. तिथे जाऊन पुन्हा ऑस्लोला उतरायचं तर व्हिसावर किमान दोनदा प्रवेशाची मुभा हवी.

चौथी पायरी: आगगाडी, बस, बोट की गाडी

फियोर्डांसाठी गाडी लागत नाही. ऑस्लो-बर्गन आगगाडी १९०९ पासून धावते आणि जवळपास सात तासांत जंगल, पठार, बर्फ आणि पुन्हा समुद्र दाखवते. वाटेत १२२२ मीटर उंचीवर फिन्से स्थानक लागतं, जिथे मोटाररस्ता पोचतच नाही. म्यूर्दालला गाडी बदलली की फ्लॉमची घाटगाडी मिळते: २० किलोमीटरमध्ये ती ८६० मीटरहून अधिक खाली उतरते आणि क्योसफोसेन धबधब्यापाशी थांबते. या मार्गाची तयार पॅकेजं विकली जातात. तीच तिकिटं सुटी काढली तर मधे मुक्काम करता येतो, आणि आपल्याला मुक्कामच हवा आहे. ‘एन्तूर’ या ॲपवर देशभरच्या आगगाड्या, बस आणि फेरीबोटींच्या वेळा एकत्र सापडतात. लांब पल्ल्याची तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त.

लोफोटेन किंवा गायरांगर भागात गाडीने स्वातंत्र्य मिळतं. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. गाडी उजवीकडून चालवायची, दिवसाही दिवे लावायचे, वेगमर्यादेचे दंड जबर आहेत. अरुंद रस्त्यांवर एकमेकांना वाट देण्यासाठी बगला ठेवलेल्या असतात. तिथे थांबून फोटो काढत बसणं स्थानिकांना अजिबात आवडत नाही. दरड कोसळल्याने रस्ते अचानक बंद होतात. ११ वळणांचा ट्रोलस्टिगेन घाट २०२४ मध्ये याच कारणाने हंगामाच्या मधेच बंद झाला होता. म्हणून एकाच घाटावर सगळा बेत टांगू नये.

पाचवी पायरी: राहणं आणि खाणं

नॉर्वे महाग आहे, आणि सर्वांत जास्त पैसा बाहेर जेवण्यात जातो. स्वयंपाकघर असलेली खोली, हॉस्टेल किंवा तंबूतळावरची लाकडी केबिन घ्या आणि रेमा, किवी, कूप अशा दुकानांतून शिधा आणा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच भरून ठेवायचं. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नका. घरून मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, पोहे, मसाले न्या. मात्र युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. पेढे, खवा, पनीर, तूप घरीच ठेवा. डाळ-तांदूळ संपले तर ऑस्लोच्या ग्रोनलांड भागात दक्षिण आशियाई किराणा मिळतो. शाकाहारी माणसाला डोंगरात ब्रेड आणि ब्रुनोस्त म्हणजे गोडसर तपकिरी चीझ यांचा आधार असतो.

निसर्गप्रेमींनी एक तरी रात्र डोंगरातल्या झोपडीत काढावी. १८६८ साली स्थापन झालेली डीएनटी ही ट्रेकिंग संघटना देशभर पाचशेहून अधिक झोपड्या चालवते आणि परदेशी माणसालाही सभासद होता येतं. काही झोपड्यांत कर्मचारी आणि गरम जेवण असतं. काहींत कुणीच नसतं: सभासदाने ठरावीक किल्लीने दार उघडायचं, कपाटातला शिधा वापरायचा, लाकडं फोडायची, पाणी आणायचं, आपला हिशेब आपणच भरायचा आणि निघताना झोपडी झाडून पुढच्यासाठी तयार ठेवायची. स्वतःची झोपण्याची सुती चादर-पिशवी न्यावी लागते. हा विश्वासाचा व्यवहार इतकी वर्षं टिकला आहे, आणि पाहुणे म्हणून तो टिकवण्याचा आपला वाटा उचलायलाच हवा.

सहावी पायरी: कपडे

बर्गनला वर्षातून दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. आपला पावसाळी पोन्चो तिथल्या वाऱ्यात फडफडतो आणि फाटतो. वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जाकीट आणि वरून घालायची विजार हवी. आतला थर लोकरीचा असावा, सुती नको. सुती बनियन घामाने भिजलं की अंगावरच गार पडतं. उन्हाळ्यातही टोपी, पातळ हातमोजे आणि एक जादा लोकरी मोज्यांची जोडी सॅकमध्ये हवी. ट्रेकचे बूट नवे असतील तर निघण्याआधी महिनाभर ते घालून राजगड-हरिश्चंद्रगड करून या. आणि झोपताना डोळ्यांवर बांधायला पट्टी घ्या, कारण जूनमध्ये रात्र नावापुरतीच असते.

सातवी पायरी: हक्क आणि डोंगराचे नियम

नॉर्वेत ‘अल्लेमान्सरेत्तेन’ म्हणजे सर्वांना निसर्गात मोकळेपणी फिरण्याचा हक्क आहे. १९५७ च्या कायद्याने तो लेखी झाला. माळ, जंगल, डोंगर यांवर मालकी कुणाचीही असो, तुम्ही चालू शकता, बेरी खाऊ शकता, तंबू ठोकू शकता. पण राहत्या घरापासून वा केबिनपासून तंबू किमान १५० मीटर लांब हवा आणि एका जागी मालकाच्या परवानगीशिवाय दोन रात्रींपेक्षा जास्त राहता येत नाही; दुर्गम डोंगरात ही मुदत सैल आहे. शेत, कुरण आणि अंगण या हक्कात येत नाहीत. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी पेटवायला बंदी आहे. कचरा सगळा परत न्यायचा, कागदी रुमालसुद्धा. गर्दीच्या काही ठिकाणी तंबूला स्थानिक बंदी असते. तिथला फलक वाचा.

पायवाटांवर दगडांच्या राशींवर लाल ‘टी’ रंगवलेला असतो. तो दिसेनासा झाला तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. सुरुवातीच्या फलकावर हिरवा, निळा, लाल, काळा असा काठिण्याचा क्रम असतो. हिरवी वाट कुणालाही जमेल, निळी सराव असलेल्याला. लाल वाटेसाठी दम आणि योग्य बूट हवेत, काळीकडे पहिल्या सहलीत वळू नका. हवामानासाठी नॉर्वेच्या हवामान संस्थेचं ‘वाय-आर’ हे ॲप सकाळी आणि आदल्या रात्री, दोन्ही वेळा बघा, आणि गावाचा नव्हे तर त्या शिखराचा अंदाज बघा. दोन्हींत बरंच अंतर असतं.

नॉर्वेजियन मुलं डोंगराचे नऊ नियम शिकत मोठी होतात. त्यातला आठवा असा: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. इतक्या लांबून, इतका खर्च करून आलेल्या माणसाला हे सर्वांत जड जातं, आणि नेमकं त्यासाठीच बेतात एक मोकळा दिवस हवा. आज ढग असतील तर उद्या जाता येतं. निघताना मुक्कामी कुणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगा. आणीबाणीत रुग्णवाहिकेला ११३, पोलिसांना ११२, अग्निशमन दलाला ११०.

पहिल्या खेपेचा नमुना बेत

ऑस्लोला दोन रात्री. दमलेले असाल तरी मेट्रोच्या पाच नंबरने सोग्न्सवान तळ्याला जाऊन फेरी मारा. शहराची मेट्रो जंगलाच्या दारात सोडते. दुसऱ्या दिवशी शहराच्या नेहमीच्याच तिकिटावर बोटीने हुवेदोया बेटावर जा, तिथे बाराव्या शतकातल्या मठाचे अवशेष आहेत. मग आगगाडीने फिन्से, एक रात्र. तिथून म्यूर्दालमार्गे ऑरलांड, तीन रात्री: एक दिवस दरीतली चाल, एक दिवस स्टेगास्टाइन आणि उन्द्रेदाल, आणि पाऊस लागला तर दोन्हींची अदलाबदल. निघताना बोटीने गुडवांगन, बसने वॉस, आगगाडीने बर्गन. बर्गनला दोन रात्री, बंदरावरची ब्रिगेनची जुनी लाकडी वखारघरं आणि फ्लोयेन टेकडी. वेळ उरला तर बसने स्टावांगर आणि प्राइकेस्टूलेन, दोन रात्री. हा बेत जूनअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा आहे. मेमध्ये फिन्सेची रात्र आणि ऑरलांड दरीतली चाल वगळा.

नोंदणीचा क्रमही सांगतो, कारण तो उलटा केला की अडचण होते. सर्वांत आधी ऑरलांडमधली खोली, कारण तिथे जागा थोड्या आहेत. ती रद्द करता येण्याजोगी घ्या. मग फिन्सेची झोपडी. त्यानंतर व्हिसाची वेळ आणि विमा. व्हिसा हातात आल्यावर विमान, आणि विक्री खुली होताच आगगाडी. बोट आणि बसची तिकिटं सर्वांत शेवटी, हवामान बघून. नॅरॉयफियोर्डच्या बोटीला सकाळची पहिली फेरी मिळाली तर तीच घ्या, तेव्हा गर्दी कमी असते.